कुऱ्हाड घरून आणली व्हती

मृग लागला की मराठवाड्यातल्या पोलीस ठाण्यांत एकाच तऱ्हेच्या भांडणांची गर्दी होते. पेरणीआधी पाळी घालताना कुणाच्या ट्रॅक्टरने बांधाचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, ओढलेले असतात, कुणी धुऱ्यावरची बाभळ तोडलेली असते, कुणी सामाईक विहिरीवरच्या मोटारीची पाळी मोडलेली असते. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात पडून असतो. दोघे चुलतभाऊ ठाण्यात येतात, ठाणे अंमलदार दोघांचं ऐकून घेतो, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून देतो आणि आपसात मिटवा म्हणून परत पाठवतो. बहुतेक वेळा ते मिटतंही. एखाद्या वेळी मिटत नाही, आणि तीच दोन नावं काही दिवसांनी दुसऱ्या रजिस्टरला चढतात. एक आरोपी म्हणून, एक मयत म्हणून.

अशा एका खुनाचं चित्र डोळ्यांसमोर धरू. गाव-नाव काही नको. मयताची म्हातारी चुलती शेजारच्या वावरात खुरपत होती, तिने सगळं पाहिलं. हवालदार जबाब घ्यायला बसतो तेव्हा ती सांगते, "आधी नुस्ती बाचाबाची झाली. मंग त्यो घराकडं गेला. मला वाटलं, मिटलं. तर कुऱ्हाड घिऊन आला की. कुऱ्हाड घरून आणली व्हती त्यानं." कागदावर काय उतरतं? "सदर आरोपीने शेताच्या बांधाच्या जुन्या वादाचे कारणावरून माझे पुतण्यास शिवीगाळ करून त्याचे हातातील कुऱ्हाडीने डोक्यात मारून जिवे ठार मारले आहे." वाक्य व्याकरणाला धरून आहे, कलम लावायला पुरेसं आहे. फक्त आरोपी घरी जाऊन आला, हे त्यातून गळालं. आणि त्या खटल्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

गुन्हेगाराचं मन म्हटलं की आपल्याला अंधारी खोली, विकृत डोळे, मालिकेतला खलनायक असं काहीतरी आठवतं. कायद्याला त्या मनाशी कर्तव्य असतं ते अगदी वेगळ्या आणि साध्या अंगाने: त्या माणसाला त्या क्षणी नेमकं काय करायचं होतं? मन उघडून बघता येत नाही, म्हणून न्यायालय ते चार-पाच उघड्या गोष्टींवरून वाचतं. हत्यार कोणतं, आणि ते सोबत आणलं की जागेवर हाताला लागलं. घाव किती. शरीराच्या कोणत्या भागावर. कुऱ्हाड असेल तर धारेने मारलं की तुंब्याने. पडल्यावर थांबला, की पडलेल्यावर पुन्हा घाव घातले. आधी काय बोलला, नंतर कुठे गेला. दवाखान्यात न्यायला धावणारा आणि कुऱ्हाड विहिरीत टाकून दुसऱ्या गावी पाहुण्यांकडे जाऊन बसणारा, यांच्या मनात फरक असतो आणि तो फरक वागण्यात दिसतो.

यावरच शिक्षा ठरते. खून ठरला तर जन्मठेप किंवा फाशी. ऐनवेळच्या भांडणात, आधी काही ठरवलेलं नसताना, रागाच्या भरात आणि गैरफायदा न घेता झालेलं असेल तर तो सदोष मनुष्यवध, आणि मग शिक्षा पाच-दहा वर्षांवर येऊ शकते. एकच घाव म्हणजे खून नाही, असा गैरसमज वकिलीच्या दारात नेहमी भेटतो. १९५८ सालच्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच वार होता. न्यायालयाने विचारलं ते इतकंच: हीच जखम करायचा हेतू होता का, आणि ती जखम निसर्गक्रमाने जीव घ्यायला पुरेशी होती का? नानावटी खटल्यात तर सगळा निकाल वेळेच्या हिशेबावर फिरला. नौदलातला तो अधिकारी घरातून निघाला, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. मधे जवळपास तीन तास गेले होते. एवढ्या वेळात राग निवतो, माणूस विचार करू शकतो, म्हणून १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने 'अचानक प्रक्षोभ' हा बचाव नाकारला.

आता म्हातारीच्या वाक्याकडे परत येऊ. वावर ते घर अर्धा किलोमीटर धरलं, तर जाऊन-येऊन पंधरा मिनिटं होतात. त्या पंधरा मिनिटांत आरोपीचं मन आहे. वाटेत त्याला कुणी भेटलं असेल. घरी बायकोने विचारलं असेल, कुऱ्हाड कशाला? तो काहीतरी बोलला असेल. तिथपर्यंत तपास जायचा तर आधी म्हातारीचं वाक्य कागदावर यायला हवं. ते आलं नाही, तर तीन-चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ती प्रामाणिकपणे तेच सांगते तेव्हा बचावाचा वकील उठतो आणि विचारतो, "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" ती म्हणते, सांगितलं होतं. "मग तुमच्या जबाबात का नाही?" याला तिच्याकडे उत्तर नसतं. पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत ही राहून गेलेली बाब सिद्ध होते, आणि निकालपत्रात येतं की साक्षीदाराने आपल्या कथनात मागाहून भर घातली. खरं बोलणारी बाई खोटी ठरते. कोर्टाच्या भाषेत याला ओमिशन म्हणतात. फौजदारी खटल्यांत अशी ओमिशनं पानोपानी सापडतात, आणि त्यातली कितीतरी साक्षीदाराची नसून लेखणीची असतात, असं माझं ठाम मत आहे.

हवालदाराला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्याच्यापुढे अडचणी असतात. त्याच दिवशी मोर्चाचा बंदोबस्त, एक बेपत्ता मुलगी, समन्स बजावणी, आणि वर साहेबांचा फोन. प्रत्येक साक्षीदाराचं ऐकायचं आणि मग ठरलेल्या साच्यात ओतायचं, ही सवय त्याला वरिष्ठांकडूनच मिळालेली असते. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे, त्यामुळे लिहिलेलं वाचून दाखवायचा आग्रहही पातळ होतो. सहा साक्षीदारांचे जबाब एकाच भाषेत, एकाच क्रमाने, एकाच चुकीसकट येतात. सहा वेगवेगळ्या माणसांनी सहा वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं असताना हे कसं शक्य आहे, हा प्रश्न बचावाच्या वकिलाला पहिल्या वाचनातच पडतो.

घटनास्थळाच्या पंचनाम्याचीही हीच गत. चांगला पंचनामा वाचताना ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, गट नंबर, चतुःसीमा, बांधाची दिशा, जवळच्या घराचं, विहिरीचं, विजेच्या खांबाचं अंतर पावलांत न सांगता मोजपट्टीने. रात्रीची घटना असेल तर उजेड कशाचा होता हे लिहिलंच पाहिजे. खांबावरचा दिवा चालू होता का, त्या फीडरला त्या वेळी वीज होती का, चंद्र होता का. साक्षीदाराने आरोपीला 'ओळखलं' हे सगळं त्या उजेडावर टांगलेलं असतं. तूर उभी होती की काढलेली, हेसुद्धा लिहायला हवं. पुरुषभर तुरीच्या पलीकडून काही दिसत नाही, आणि पोहरेगावच्या काय किंवा पाथरीच्या काय, वकिलाला ते ठाऊक असतं.

त्यानंतर मुद्देमाल. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कितीतरी खटले इथेच मोडतात. रक्ताने माखलेली माती आणि तिच्या शेजारची साधी माती, दोन्ही वेगवेगळ्या घ्यायच्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? रक्ताचे कपडे आधी सावलीत वाळवायचे आणि कागदात बांधायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओला शर्ट कोंबला की दमट उष्णतेने त्यावर बुरशी येते, रक्त कुजतं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येतो, 'मानवी रक्त, गट निश्चित करता आला नाही'. प्रत्येक पुडक्याला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख, लाखेवर शिक्का, पंचांच्या सहीचं लेबल, आणि त्या शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद, आणि छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे नेणाऱ्या शिपायाची तारीखवार पोच. पुडकं ठाण्यातच महिनाभर राहिलं आणि त्या महिन्यात ते कुणाच्या ताब्यात होतं हे सांगता आलं नाही, तर प्रश्न उभा राहतो: मधे कुणी छेडछाड केली नाही कशावरून? उत्तर नसेल तर संशयाचा फायदा आरोपीला. तो द्यावाच लागतो, आणि तो दिला म्हणून न्यायाधीशावर चिडण्यात अर्थ नाही.

हत्यार काढून देण्याचा पंचनामा हा तर वेगळाच विषय. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पण कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग चालतो. डिसेंबर १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, हे फार नेमकं सांगून ठेवलंय. 'मी लपवलेली कुऱ्हाड काढून देतो' हे चालतं. त्याच वाक्यातलं 'ज्याने मी त्याला मारलं' हे चालत नाही. या नियमामागे माणसाच्या मनाची खोल जाण आहे: मार, भीती, झोप न मिळणं, घरच्यांना उचलून आणण्याची धमकी यांपुढे निरपराध माणूसही 'मीच केलं' म्हणतो, पण जी वस्तू कुठे आहे हे त्याला माहीतच नाही, ती तो काढून देऊ शकत नाही. म्हणून जागेला महत्त्व. कुऱ्हाड कडब्याच्या गंजीत चार पेंढ्यांखाली सापडली तर ती ठेवणाऱ्यालाच माहीत असणार. रस्त्याकडेच्या उघड्या नालीत सापडली तर ती कुणालाही दिसली असती. पंच म्हणून दोन्ही वेळा ठाण्यासमोरचाच पानटपरीवाला असेल, आणि त्याच्या सह्या वर्षभरातल्या पाच गुन्ह्यांत असतील, तर खरी सापडलेली कुऱ्हाडही खोटी वाटू लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असंही त्यात आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण मोबाइलमधलं चित्रीकरण न्यायालयात चालायला प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून काढलेला आकडी ठसा, लागतं, ते दोन भागांत, दोन वेगळ्या माणसांच्या सहीने लागतं. लाखेच्या शिक्क्याची जागा आता हॅशने घेतली. सुतळी नीट न बांधणाऱ्या हाताला हॅशही नीट बांधायला शिकवावं लागेल.

मनाबद्दल बोलायचं तर गुन्ह्याच्या आधीच्या दिवसांकडे जायला हवं. खून आभाळातून पडत नाही. बांधाच्या वादात आधीच्या एनसी बघाव्यात. पहिल्या एनसीच्या वेळी सांगणाऱ्याच्या तोंडी 'बघून घेईन' असतं. दुसऱ्या वेळी 'हातपाय मोडीन'. तिसऱ्या वेळी 'रानात एकटा सापड, कुऱ्हाडीनं खांडोळी करतो'. धमकी जसजशी नेमकी होत जाते, तिच्यात जागा, वेळ, हत्यार येऊ लागतं, तसतसा तो माणूस मनात तो प्रसंग घोळवू लागलेला असतो. एनसीत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही हे खरं, पण चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, करून तहसीलदारापुढे बंधपत्र घेता येतं. ते घेतलं जातं, कागदोपत्री. तिन्ही एनसी शेजारी ठेवून कुणी वाचत नाही, कारण त्या तीन वेगवेगळ्या अंमलदारांनी, तीन वेगवेगळ्या पानांवर लिहिलेल्या असतात, आणि तिन्हींत धमकीचे शब्द गाळून 'जिवे मारण्याची धमकी दिली' असं एकच वाक्य असतं.

सासरच्या छळाच्या फिर्यादींत हे गाळणं जिवावर बेतणारं आहे. 'माहेरहून पैसे घेऊन ये म्हणून शारीरिक व मानसिक छळ केला' हे वाक्य शेकडो फिर्यादींत जसंच्या तसं आढळतं. बाईने सांगितलेलं असतं की मागच्या महिन्यात त्याने दोन्ही हातांनी माझा गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली. हे वाक्य लिहायलाच हवं. नवऱ्याने एकदा गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे घरगुती हिंसेच्या अभ्यासातून नीट पुढे आलेलं आहे. पुष्कळदा गळ्यावर बाहेरून वळ उमटत नाही. म्हणून डॉक्टर 'साधी दुखापत' लिहितात, ठाण्यात समेट होतो, मामा-मावशा समजूत घालून तिला नांदायला पाठवतात. विचारायचे प्रश्न साधे आहेत: आवाज बसला होता का, गिळताना दुखत होतं का, शुद्ध हरपली का, लघवी झाली का, डोळ्यांत लाल ठिपके आले का. जिल्हा रुग्णालयातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर हे पाच प्रश्न चिकटवलेले असावेत.

गुन्हा करणारा स्वतःला गुन्हेगार समजत नाही. १९५७ साली साइक्स आणि मात्झा या दोन अमेरिकी अभ्यासकांनी माणूस स्वतःच्या मनाची समजूत कशी काढतो याच्या पाच तऱ्हा मांडल्या. त्या आपल्याकडच्या कोणत्याही चावडीवर ऐकू येतात. माझ्या हातात काय होतं, दारू चढली होती. असं कितीसं लागलं त्याला. त्यानेच वेळ आणली. पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत का? आणि पाचवी, सर्वांत भारी: घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. त्या आकड्यामागे अंधाऱ्या खोलीतला कुणी राक्षस उभा नव्हता. सोनोग्राफीचे पैसे मोजणारा बाप, सोबत गेलेली सासू, यंत्र चालवणारा डॉक्टर, आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या परीने कुणाचं तरी भलं करत होता.

हे मन आपल्यासारखंच आहे हे मान्य करायला जड जातं, म्हणून आपण गुन्हेगार नावाची वेगळी जमात कल्पतो. १८७६ साली इटलीत लोम्ब्रोसो कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार शोधत होता. त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रजांनी इथे कायदाच करून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. ठाण्याच्या बोलण्यातून तो पुसला गेलेला नाही. दरोडा पडला की पहिली जीप कोणत्या वस्तीवर जाते, हे पारध्यांच्या पालावरचं लहान पोरही सांगेल.

त्याची किंमत किती असते याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालात आहे. नाशिकला जून २००३ मध्ये एका कुटुंबावर भयानक हल्ला झाला. पाच जण मारले गेले. भटक्या जमातींतल्या सहा जणांना धरलं. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. मग फेरविचारात कागद पुन्हा वाचले गेले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने अगदी सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती, आणि ती या सहांपैकी कुणीच नव्हती. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मागाहून कळलं. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षांचे पाच लाख. ज्यांनी ते कुटुंब मारलं त्यांच्यापर्यंतची वाट तोवर बुजली होती. निरपराध अडकतो तेव्हा खरा अपराधी सुटलेला असतो. त्या एका कागदावर हे दोन्ही अन्याय एकाच वेळी झाले.

उलट बाजूचंही एक प्रकरण आहे. १९८२ साली बीडची एक लेक पुण्याला सासरी विषाने मेली. खालच्या न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं ओळ न् ओळ वाचली. त्यांत तिच्या मनाची घालमेल, एकटेपण, निराशा होती. तिने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणत न्यायालयाने आरोपीला सोडलं, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं घालून दिली. आजही वकील त्यांना पंचशील म्हणतात. पहिलंच सूत्र असं की प्रत्येक दुवा पुरता सिद्ध झाला पाहिजे; 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' यांत अंतर आहे. मला हा निकाल पटतो. आणि त्याच वेळी हेही खरं की मेलेल्या बाईच्या मनाचं एवढं बारीक वाचन देशातल्या सर्वोच्च पायरीवर व्हावं लागलं. ते पहिल्या तपासातच व्हायला हवं होतं.

मानवतचं नाव काढल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होत नाही. १९७२ ते १९७४, दुष्काळाची वर्षं. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात एकामागून एक बायका-मुलींचे खून झाले. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, यासाठी बळी दिले जात होते. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास गेल्यावर धागे जुळले. पण शेवटी, ज्यांच्यासाठी हे झालं असा आरोप होता त्यांच्याविरुद्धचा पुरावा वरच्या न्यायालयात टिकला नाही, आणि ज्यांनी हाताने घाव घातले ते फासावर गेले. कट चार भिंतींत शिजतो. त्याचा साक्षीदार बहुधा कटातलाच असतो, आणि अशा माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला बाहेरचा दुजोरा लागतो. पैसा कुठून आला, कोण कुणाच्या घरी कोणत्या रात्री गेलं, कुणी कुणाला काय कबूल केलं, हे सगळं ताजं असताना गोळा केलं तरच तो दुजोरा उभा राहतो. पन्नास वर्षांनी, १० मे २०२४ ला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं, आणि खरे सूत्रधार दुसरेच असून तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत असं नोंदवलं. हात सापडतो. डोकं सापडत नाही. तपास हत्यारापासून मागे, माणसांच्या व्यवहाराकडे चालत गेला नाही की असंच होतं.

आणि मग तारखा. खुनाच्या गुन्ह्यात अटकेनंतर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मिळतो, म्हणून ते एकोणनव्वदाव्या दिवशी घाईने जातं, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल मागाहून. पुढे खटला कधी उभा राहील ते कुणी सांगू शकत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन जण खटला न संपलेले होते.

बाहेर साक्षीदार असतो. तो बीडच्या, धारूरच्या, पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातला असेल तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. उचल घेतलेली असते, मधे सोडून येता येत नाही. जानेवारीचं समन्स गावात जातं आणि शेरा येतो, 'सदर साक्षीदार गावी मिळून येत नाही'. दुसरं समन्स, मग साक्षीदारावरच वॉरंट. गुढीपाडव्यानंतर तो परततो तेव्हा पोलीस त्याच्याच दारात उभे. साक्षीला आला तर वकील गैरहजर, साहेब रजेवर, पुढची तारीख. दोन दिवसांची मजुरी बुडते, भत्ता एसटीच्या तिकिटापुरता. तोवर गावात दोन्ही घरांची सोयरीक झालेली असते किंवा शेत वाटून दिलेलं असतं. अशा माणसाला 'फितूर' म्हणताना माझी जीभ अडखळते. जबाब घेतानाच त्याचा मोबाइल नंबर, मुकादमाचं नाव आणि कोणत्या कारखान्याला जातो एवढं लिहून ठेवलं, आणि सरकारी वकिलाने अशा साक्षी गुढीपाडवा ते दसरा या दरम्यान लावून घेतल्या, तर निम्मं काम होईल. आता साक्ष व्हिडिओवरूनही घेता येते. कारखान्याजवळच्या कोणत्याही न्यायालयात त्याला बसवता येईल.

फिर्याद द्यायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फिर्याद वाचून दाखवायला सांगायची. सुटलेलं असेल तर सही करण्यापूर्वी तिथेच लिहून घ्यायचं. तिची प्रत फुकट मिळते. घेतलीच नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करायचा, विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. पोलिसांपुढचा जबाब फिरेल अशी भीती असेल तर महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवण्याची मागणी लेखी करून ठेवायची.

आणि ठाण्यातल्या अंमलदाराला एकच मागणं आहे. साक्षीदाराचा जबाब आवाज आणि चित्रासह नोंदवायची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, आणि त्याला लागणारं यंत्र त्याच्या खिशातच असतं. म्हातारीला बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, फोन समोर ठेवावा, आणि ती म्हणेल तसं म्हणू द्यावं. कागदावर उतरवतानाही 'व्हती'चं 'होती' करायची गरज नाही.